पॅलेस्टाईनच्या कारागिरांच्या गावी

शनिवार, याफा

याफाच्या बंदरावर मोठी आगबोट कधी धक्क्याला लागलीच नाही. किनाऱ्यालगत खडकांची रांग आणि पाणी उथळ, म्हणून जहाजं लांब समुद्रात नांगर टाकून उभी राहत आणि माणसं, सामान, माल सगळं वल्हवून न्यावं-आणावं लागे. याच होड्यांतून पॅलेस्टाईनची संत्री जगात गेली. जाड सालीचं, जवळजवळ बिनबियांचं, रसाळ ‘शमूती’ हे इथलं वाण. साल जाड, त्यामुळे आठवडेच्या आठवडे बोटीत काढूनही फळ टिकायचं. एकोणिसाव्या शतकात याफाभोवती बागा वाढत गेल्या आणि १९३० च्या दशकात संत्री हीच देशाची सगळ्यांत मोठी निर्यात झाली.

ऑक्टोबर २०१९ मध्ये एका मैत्रिणीबरोबर केलेल्या प्रवासाच्या या नोंदी. आजी-पणजीच्या पिढीतली पॅलेस्टिनी माणसं काय पिकवत, काय बनवत, कशावर जगत, एवढंच आम्हाला बघायचं होतं. आपल्याकडे या देशाचं नाव येतं ते युद्धाच्या बातमीत. तिथे बाजाराचा दिवस असायचा, तेलाच्या भावावरून भांडणं व्हायची, लग्नाआधी मुली वर्ष-वर्ष कपड्यावर भरतकाम करत बसायच्या, हे आपल्यापर्यंत पोचतच नाही.

इथल्या बागेला बय्यारा म्हणत. बागेच्या मधोमध विहीर, त्यावर जनावराने ओढायचा रहाट (पुढे इंजिनाचे पंप आले), दगडी हौद, त्यातून निघालेले पाट. तोडणीच्या दिवसांत बागांत आणि वखारींत माणसांची झुंबड असे. प्रत्येक फळ पातळ कागदात गुंडाळून लाकडी खोक्यात बसवायचं, मग खोकी उंटांवर, गाड्यांवर घालून बंदरात न्यायची. सुतार, खिळेवाले, कागदवाले, उंटवाले, हमाल, नावाडी असे किती धंदे एका फळावर उभे होते! शहरात वर्तमानपत्रं होती. ‘फलस्तीन’ १९११ मध्ये इथेच सुरू झालं. १९४८ च्या वसंतापर्यंत याफात सत्तर हजारांच्या आसपास अरब वस्ती होती. इस्रायलच्या स्थापनेवेळची लढाई संपली तेव्हा त्यातले साधारण चार हजार उरले. बाकीचे होड्यांतून गाझा, बैरूतकडे किंवा रस्त्याने पूर्वेकडे गेले, आणि बागा मागे राहिल्या. घड्याळाच्या मनोऱ्यापासून आम्ही जुन्या वस्तीत हिंडलो. नीटनेटक्या केलेल्या गल्ल्यांत आज चित्रांची दुकानं आहेत. त्या घरांच्या मूळ मालकांबद्दल भिंतीवर काही लिहिलेलं मला दिसलं नाही, आणि ते मला फार लागलं.

रविवार, जेरुसलेम

जेरुसलेमबद्दल सगळेच लिहितात, म्हणून इथे दोनच गोष्टी. जुन्या शहरात हेरॉड दरवाजाजवळ ‘अज़-ज़ाविया अल-हिंदिया’ नावाची भारतीय धर्मशाळा आहे. इ. स. १२०० च्या सुमारास पंजाबचे सूफी संत बाबा फरीद इथे राहिले, ध्यान केलं, अशी परंपरा सांगतात. पुढे हजला जाणारे-येणारे हिंदी यात्रेकरू इथे उतरत. १९२४ पासून सहारनपूरहून आलेल्या अन्सारी कुटुंबाकडे तिची व्यवस्था आहे. अंगणात लिंबाची झाडं, दोरीवर वाळत घातलेले कपडे, आणि बाहेर सगळा कोलाहल. मुंबईच्या गोदीतून निघालेला एखादा हाजी इथे पोचून सुस्कारा टाकत असेल, हे सहज डोळ्यांपुढे येतं.

दुसरी गोष्ट निळ्या-हिरव्या फरशांची. ‘जेरुसलेमची पारंपरिक’ म्हणून विकली जाणारी ही चित्रांची फरशी फार जुनी नाही. डोम ऑफ द रॉक या इस्लामी वास्तूच्या फरशांच्या दुरुस्तीसाठी १९१९ मध्ये तुर्कस्तानच्या कुताह्या गावचा आर्मेनियन कारागीर दाविद ओहानेसियन इथे आला, त्याच्यापाठोपाठ त्याच गावची आणखी कुटुंबं आली आणि इथलीच झाली. आर्मेनियन नरसंहारातून वाचलेल्या माणसांना या शहराने आसरा दिला आणि त्यांनी या शहराला त्याचा रंग दिला.

दुपारी दमास्कस दरवाजाजवळून २१८ नंबरची बस धरून कलंदियाच्या इस्रायली तपासणी नाक्यावरून रामल्लाला आलो.

सोमवार आणि मंगळवार, नाब्लुस

रामल्लाहून पिवळ्या ‘सर्व्हिस’ने, म्हणजे सामायिक टॅक्सीने, उत्तरेला निघालं की दोन्ही बाजूंना ऑलिव्हच्या टेकड्या सुरू होतात. एबाल आणि गेरिझिम या दोन डोंगरांच्या मधल्या खिंडीत नाब्लुस वसलंय. या शहरासाठी दोन दिवस राखून ठेवले होते आणि तेही अपुरे पडले.

नाब्लुसचा साबण कळला की जुनं पॅलेस्टाईन निम्मं कळलं. ऑलिव्हचं तेल, पाणी आणि क्षार, एवढंच त्यात पडतं. पूर्वी क्षार येई जॉर्डन नदीपलीकडून. तिथले भटके बदाऊन खारट जमिनीवर उगवणारी झुडपं जाळून त्यांची राख उंटांवर लादून इथे आणत. ती राख कुटून चुन्यात मिसळायची, त्यावरून पुन्हा पुन्हा पाणी सोडून तीव्र क्षारपाणी मिळवायचं आणि ते तेलात घालून तळमजल्यावरच्या प्रचंड तांब्याच्या कढईत कित्येक दिवस शिजवायचं. कढईखालच्या भट्टीत जळण म्हणून ऑलिव्हचा चोथा. गावाचं तेल, वाळवंटाची राख आणि शहराची भट्टी, असा तो मेळ होता.

पैशाची गोष्ट आणखी खोल जाते. नाब्लुसचे व्यापारी शेतकऱ्याला हंगामाच्या कितीतरी आधी पैसे देत आणि ठरलेल्या भावात तेल लिहून घेत. कर भरायला, लग्नाला, बियाण्याला शेतकऱ्याला रोकड हवी असायची, व्यापाऱ्याला तेल. याच कर्जांतून गावंच्या गावं शहरातल्या मोठ्या घराण्यांशी बांधली गेली. तयार साबण कैरो, दमास्कसकडे जाई. साबणाचा कारखाना असणं ही शहरातली सगळ्यांत मोठी प्रतिष्ठा होती, कारण तेवढं तेल साठवायला आणि तेवढा पैसा वर्ष-वर्ष अडकवून ठेवायला हिंमत लागे.

आम्हाला फिरवायला एक निवृत्त शिक्षक आले होते. गल्लीतले सगळे त्यांना ‘उस्ताद’ म्हणून हाक मारत, मग आम्हीही म्हणू लागलो. त्यांच्याबरोबर तुकान घराण्याचा जुना कारखाना पाहिला. भाजीच्या पिशवीतून साबण घरी आणणाऱ्या कुणालाही वरचा मजला बघून आश्चर्य वाटेल. शिजलेला साबण पातळ असतानाच वर नेऊन सबंध फरशीवर ओततात. दालनभर पांढुरका, गुळगुळीत थर. तो घट्ट होत आला की रंगात बुडवलेल्या दोरीने त्यावर चौकटी आखतात. मग एक माणूस लांब दांड्याला बसवलेलं पातं ओढत, रेषेवर नजर ठेवून उलट्या पावली मागे मागे जातो. दुसरा वाकून प्रत्येक वडीवर शिक्क्याचा हातोडा मारत सुटतो, टक् टक् टक्. ताल एकदाही चुकत नाही. मी शेजारी उभं राहून बघत होते. शिक्का वाकडा पडेल म्हणून वाट पाहिली, पडला नाही.

त्यानंतर वड्यांचे मनोरे रचतात. आतून पोकळ, वर निमुळते होत छतापर्यंत गेलेले, दोन वड्यांत फट ठेवलेले, म्हणजे वारा खेळतो. महिनोन् महिने असा साबण वाळतो. मनोरा रचणारा माणूस शेवटी मनोऱ्याच्या आतच उभा असतो आणि वरच्या तोंडातून बाहेर येतो, असं उस्तादांनी सांगितलं. कापणी, शिक्के, रचाई ही कामं पिढ्यान् पिढ्या ठरावीक घरांतच राहिली.

“तुमच्या लहानपणी असे किती कारखाने चालायचे?” मी विचारलं.

“मोजायची गरज नव्हती. वाऱ्याची दिशा बदलली की कुठल्या गल्लीत कढई चढलीय ते आईला घरात बसून कळायचं.”

११ जुलै १९२७ च्या भूकंपाने हे शहर खिळखिळं केलं. १९४८ नंतर जुन्या बाजारपेठा तुटल्या, कारखान्यात तयार झालेला स्वस्त, सुगंधी साबण आला, राखेच्या जागी कॉस्टिक सोडा आला. एप्रिल २००२ मध्ये इस्रायली लष्कराच्या कारवाईत जुन्या शहरातल्या काही साबण कारखान्यांच्या इमारती जमीनदोस्त झाल्या. आता मोजकेच उरलेत. नाब्लुसच्या साबणाची कला पुढे २०२४ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. आनंदच आहे, पण साबण टिकतो तो रोज कुणीतरी अंगाला लावल्यावर, आणि पाठ न घासता नुसतं कौतुक करणाऱ्यांत मला राहायचं नव्हतं. दोन किलो घेतला. घरी आजही तोच वापरते, वास जवळजवळ नसतोच.

कुनाफ्याशिवाय नाब्लुस सोडू देत नाहीत. खारं चीज पाण्यात ठेवून खार उतरवायचा, त्यावर तुपात परतलेला रवाळ केशरी थर, वरून पाक आणि पिस्त्याचा चुरा. मोठ्या परातीतून गरम तुकडा उचलला की चीजची तार सुटते. मसाल्याच्या दुकानात कलौंजी भाजून-दळून केलेली काळीभोर चटणीसारखी लगदी मिळते. तिची गोड वडी करतात. मैत्रिणीला ती कडू लागली. मी दोन वेळा मागून घेतली.

बुधवार, रामल्लाच्या उत्तरेचं एक गाव

हंगाम भरात होता. उस्तादांच्या ओळखीच्या एका घराने तोडणीला बोलावलं. झाडाखाली ताडपत्र्या अंथरलेल्या, मुलं फांद्यांवर, मोठे काठीने नि हातातल्या फण्यांनी फळं उतरवताहेत. घरातल्या हज्जे, म्हणजे आजीबाई, ताडपत्रीवर बसून पानं निवडत होत्या. मी ‘खालती’ (मावशी) म्हणून शेजारी बसले तर त्यांनी ‘बिन्ती (पोरी), असं नाही, असं’ म्हणत माझे हात धरून दाखवलं. मूठ उघडी ठेवून ओंजळ वर उडवायची, पानं वाऱ्यावर जातात आणि फळं हाताशी राहतात.

पूर्वी एका घराची तोडणी संपेतो सगळं गाव त्या घरच्या झाडांवर असे, मग दुसऱ्या घरची. ही आपल्या इर्जिकीसारखी रीत. मजुरी नाही, फक्त जेवण. झाड एक वर्ष भरभरून देतं, दुसऱ्या वर्षी हात आखडतं, म्हणून तेल रांजणांत साठवून ठेवायचं. तेल आणि गहू घरात असले की वर्षाची काळजी मिटली, असं हज्जे म्हणाल्या. दुपारी दगडांच्या चुलीवर टोमॅटो, लसूण, मिरची तेलात परतली, भाकरीसारखी जाड रोटी, लबने (घट्ट दही), झातर (ओव्यासारख्या पाल्याचा मसाला), आणि सेजची पानं घातलेला गोड चहा. तेलाची कंजुषी अजिबात नव्हती.

संध्याकाळी त्यांनी जुनं घर दाखवलं. आता त्यात कोंबड्या असतात. दगडी कमानीचं एकच दालन, पण दोन पातळ्यांचं: खाली जनावरं, चार-पाच पायऱ्या वर माणसं. हिवाळ्यात खालच्या जनावरांची ऊब वर येई. भिंतीला टेकून माती आणि भुश्श्याच्या कणग्या, खाली धान्य काढायला बोळं. या कणग्या बायकाच बांधत, आणि त्यांच्या तोंडावर बोटांनी नक्षी काढत. एका कणगीवर हज्जेंच्या सासूच्या बोटांचे ठसे आहेत. त्यांनी माझं बोट धरून त्यांवरून फिरवलं. एकेका ठशात बोटाची रेषा न् रेषा उमटलेली होती.

बाहेर पूर्वी ताबून होता: मातीची बुटकी भट्टी, तळाला गोटे, वरून शेणाचा विस्तव. त्या गोट्यांवर भाजलेल्या रोटीला खड्डे पडतात आणि त्यात तेल साचून राहतं. कांदा, सुमाक, कोंबडी घालून मुसखन करायचं ते याच रोटीवर, नव्या तेलाच्या आठवड्यात. जुन्या घाण्याचं दगडी चाक अंगणात पडलंय. आता तेल इटालियन यंत्रावर निघतं. रात्री उशिरापर्यंत आम्ही गिरणीत रांगेत बसलो होतो. नळातून हिरवी धार सुटली तेव्हा सगळ्यांनी रोटीचे तुकडे पुढे केले. पहिल्या तेलाने घसा चरचरतो.

गुरुवार, अल-बिरा आणि बिरझैत

इनआश अल-उस्रा ही संस्था समीहा खलील यांनी १९६५ मध्ये अल-बिराला सुरू केली. गरजू बायकांना शिवण-भरतकामातून मिळकत मिळावी हा हेतू. त्यांच्या छोट्या संग्रहालयात गावोगावचे थोब, म्हणजे बायकांचे भरतकामाचे पायघोळ झगे, आहेत. रामल्लाचा पांढऱ्या लिननवर लाल रेशमाचा. दुसऱ्या भागांतले नीळ घातलेल्या गडद कापडावरचे. छातीवरचा चौकोन सगळ्यांत दाट भरलेला. विधवेच्या कपड्यावर निळा धागा येई आणि पुन्हा लग्न झालं की त्यातच लाल घालत. पुढे १९३० च्या सुमारास युरोपातल्या धाग्याच्या कंपन्यांची नमुन्यांची पुस्तकं आली आणि जुन्या सुरूच्या झाडांशेजारी, ताऱ्यांशेजारी गुलाब आणि पक्षी उमटले. काहींना हे भेसळ वाटतं. मला ते जिवंतपणाचं लक्षण वाटतं; त्या बायका दुकानात नवं काय आलंय ते बघत होत्या आणि आपल्या मापात बसवत होत्या.

एका थोबाचं कापड अल-मजदलचं होतं. गाझाच्या उत्तरेचं हे विणकरांचं गाव, माग घरोघरी. काळ्या-निळ्या पोताच्या कडेला किरमिजी आणि मोरपंखी पट्टे. त्या कापडाला ‘स्वर्ग आणि नरक’ म्हणत. १९४८ ते १९५० या काळात गाव रिकामं झालं, विणकर गाझाच्या छावण्यांत गेले आणि तिथे पुन्हा माग उभे केले. तिथे आज अश्केलॉन आहे. माझं बालपण इचलकरंजीत मागांच्या खडखडाटात गेलं. माग असा उचलून नेता येत नाही हे मला माहीत आहे, त्यामुळे त्या पट्ट्यांसमोरून लवकर हलता आलं नाही.

बिरझैतला विद्यापीठात डॉ. तौफीक कनान यांचा ताईतांचा संग्रह आहे. १८८२ मध्ये बेत जालाला जन्मलेला हा डॉक्टर रोग्यांवर आधुनिक उपचार करी, आणि त्यांच्या गळ्यातले ताईत, मणी, ताम्रपट विकत घेऊन प्रत्येकाची माहिती लिहून ठेवी: कुणाचा, कशासाठी. अशा चौदाशेहून जास्त वस्तू जमल्या. दृष्ट काढायचे निळे मणी, आणि भ्यायलेल्याला पाणी पाजायची, कुराणातल्या आयती कोरलेली धातूची वाटी. खेडुतांना अडाणी न म्हणता त्यांचं म्हणणं टिपून घेणारा डॉक्टर मला फार मोठा वाटतो.

पलीकडच्या टेकडीवर २०१६ मध्ये उघडलेलं पॅलेस्टिनी संग्रहालय आहे, उताराच्या बांधांसारखंच पायरी-पायरीने चढणारं.

शुक्रवार, बेथलेहेम

रामल्लाहून बेथलेहेम जेरुसलेममार्गे अगदी जवळ आहे, पण पॅलेस्टिनी नंबरपाटीच्या गाड्यांना ती वाट बंद. वादी नारच्या वळणावळणांच्या रस्त्याने वळसा घालून जावं लागतं. बरोबरच्या कॉलेजच्या मुली रोजच्या सवयीने झोपल्या होत्या.

इथला धंदा शिंपल्यांचा. फ्रान्सिस्कन पाद्र्यांच्या काळापासून, म्हणजे काही शतकं, मोत्याच्या शिंपल्यावर कोरीव काम चालतं. पवित्र कबरीच्या चर्चच्या शिंपला जडवलेल्या लाकडी प्रतिकृती सतराव्या शतकातच युरोपात जात. शिंपला आधी तांबड्या समुद्रातून, पुढे ऑस्ट्रेलियाकडून आला. एका कारखान्यात म्हातारा कारागीर एका माळेचे मणी घासत होता. खोलीभर पांढरी धूळ, भुवयाही पांढऱ्या. दाखवण्यासाठी त्याने शिंपला उजेडात फिरवला. गुलाबी झाक जिथे सर्वांत दाट, तिथलाच तुकडा चेहऱ्यासाठी राखून ठेवतात, म्हणाला.

हाच माल पेटीत भरून बेथलेहेमचे व्यापारी १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या आणि १८९३ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनाला गेले. मग लॅटिन अमेरिकेत गेले आणि तिथेच राहिले. चिलीत आज अरब जगाबाहेरचा सगळ्यांत मोठा पॅलेस्टिनी समाज आहे, १९२० पासून ‘पालेस्तिनो’ नावाचा फुटबॉल क्लबही.

शनिवार, बत्तीर

बत्तीरला दगडी बांधांची पायरीशेती आणि वरच्या झऱ्याचं पाणी. पाणी आठ घराण्यांत वाटलंय, एकेका घराण्याला एकेक दिवस, म्हणून बत्तीरचा आठवडा आठ दिवसांचा. हौदात खुणा केलेली काठी उभी करून पाण्याची उंची मोजायची आणि त्यावरून वाटे पाडायचे. वांगी इथली नावाजलेली. जेरुसलेमच्या बाजारात बायका टोपल्या घेऊन जात. १८९२ मध्ये याफा-जेरुसलेम रेल्वे सुरू झाली तेव्हा बत्तीरला स्टेशन मिळालं आणि भाजी गाडीने जाऊ लागली. इस्रायल आणि जॉर्डनमधली १९४९ ची युद्धबंदी रेषा इथूनच गेली. रुळांना धक्का लावणार नाही या बोलीवर गावकऱ्यांनी पलीकडची शेतं कसायचा हक्क राखला, त्यात गावचे पुढारी हसन मुस्तफा यांचा मोठा हात होता. २०१४ पासून हे गाव जागतिक वारसा आहे. हौदाजवळ दोघांत पाण्यावरून वाद चालला होता, आवाज चांगलाच चढलेला. भांडण पाण्याचं होतं, मापाचं नव्हतं. काठीचं माप दोघांनाही मान्य होतं.

रविवार, हेब्रॉन

अरबीत अल-खलील. जुन्या बाजारावर वर जाळी बांधलीय, कारण वरच्या मजल्यांवरच्या इस्रायली वसाहतवाल्यांकडून कचरा आणि दगड खाली पडतात. इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेतृत्व यांच्यातल्या १९९७ च्या करारापासून शहर दोन भागांत वाटलेलं आहे, बाजारातली बरीच शटरं कायमची बंद. तरी एका दुकानात द्राक्षाच्या रसाचे वाळवलेले पापुद्रे आणि काकवीसारखा दाट द्राक्षपाक मिळाला. खलीलच्या द्राक्षांचा हा शेकडो वर्षांचा साठवणीचा मार्ग.

काचेच्या भट्टीपुढे चार पावलांवर उभं राहवत नाही. कारागीर नळीच्या टोकावर लाल गोळा उचलतो, एक फुंकर, एक फिरकी, चिमट्याने ओठ ओढला की सुरई झाली. पूर्वी क्षार मृत समुद्राच्या बाजूने येई, इथल्या बांगड्या आणि मणी इजिप्तपर्यंत विकले जात. आता जुन्या बाटल्या वितळवतात. मोरपंखी रंग तांब्याचा, गर्द निळा कोबाल्टचा.

शेवटी हिरबावींचा केफिया कारखाना, १९६१ चा. केफिया मूळचा शेतकऱ्याचा आणि बदाऊनाचा रुमाल. शहरातला माणूस लाल तारबुश टोपी घाली. १९३६ ते १९३९ च्या उठावात, १९३८ मध्ये, बंडखोरांनी शहरवाल्यांनाही केफिया बांधायला लावला, म्हणजे डोक्यावरून खेड्यातला कोण ते इंग्रजांना ओळखता येऊ नये. १९९० नंतर स्वस्त आयात मालाने इथले बहुतेक माग थांबले होते. पुढे परदेशांतून मागणी आली आणि पुन्हा सुरू झाले.

माग जपानी सुझुकी, धोट्याचे. आत पाऊल टाकताच तो आवाज छातीत बसला. एका मागावर ताण्याचा धागा तुटला. विणकराने माग थांबवला, दोन टोकं शोधली आणि बोटांतल्या बोटांत गाठ मारली.

“तुमच्याकडेही अशीच मारतात?” त्याने विचारलं. वडिलांचे माग होते हे मी आधीच सांगून टाकलं होतं.

अशीच, म्हटलं, आणि कांडीवरचा धागा घेऊन मारून दाखवली. त्याने ती नखाने ओढून तपासली, शेजारच्या मागावरच्या पोराला हाक मारली आणि पुन्हा मारायला लावली, या वेळी सावकाश.